जन्मतारीख एक जून

पोखर्णीच्या नृसिंहाच्या गाभाऱ्यात ताठ मानेनं जाता येत नाही. दार बुटकं आहे. वाकावं लागतं, अंग चोरावं लागतं, आणि कडेवर लेकरू असेल तर आधी त्याच्या डोक्यावर हात धरावा लागतो. परभणीहून गंगाखेडच्या रस्त्याला लागलं की हे गाव येतं. परळीकडं जाणाऱ्या रेल्वेत बसलात तर स्टेशनाच्या पाटीवर गावाच्या नावाला देवाचं नाव जोडलेलं दिसतं, पोखर्णी नृसिंह. वैशाख शुद्ध चतुर्दशीला, ऐन उन्हाच्या तडाख्यात, इथं गर्दी लोटते. ज्यांचं हे कुलदैवत, ती घरं दूरदूरहून येतात. नवी सून येते, नवसाचं लेकरू येतं, पहिलं जावळ येतं.

नृसिंहाची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. हिरण्यकशिपूनं वर मागून घेतला होता : मरण घरात नको, बाहेर नको, दिवसा नको, रात्री नको, माणसाच्या हातून नको, पशूच्या हातून नको. म्हणून देव दिवस मावळताना खांबातून निघाला आणि उंबरठ्यावर बसला. लहानपणी या गोष्टीत मला खांब आणि नखंच तेवढी आठवायची. आता उंबरठा आठवतो. मराठवाड्यातल्या गावागावांत उंबरठ्यावर उभं राहून आयुष्य काढलेली एक बाई आहे. घरातली ती नव्हे, पण बाहेरची म्हणावी तर घराच्या सगळ्यांत आतल्या खोलीत, सगळ्यांत अवघड घटकेला तिलाच बोलावलं जातं. तिला गाव सिस्टर म्हणतं. जुनी माणसं नर्सबाई म्हणतात. सरकारी कागदावर ती आरोग्य सेविका असते आणि बोलण्यात एएनएम.

२०२५ साली नृसिंह जयंती ११ मे रोजी आली. दुसरा दिवस १२ मे, बुद्धपौर्णिमेचा. आणि तोच जागतिक परिचारिका दिनही. १८२० साली याच तारखेला फ्लॉरेन्स नाइटिंगेल जन्मली. तिची जन्मतारीख जगभर माहीत आहे. आमच्या सिस्टरची जन्मतारीख मात्र बहुतेक वेळा एक जून असते, आणि ती खरी नसते.

आमच्याकडच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. शाळेत नाव घालायला गेलेल्या बापाला लेकीचा जन्म आठवायचा तो 'दुष्काळाच्या आदल्या साली' किंवा 'ज्वारी काढणीला आली होती तेव्हा' असा. गुरुजी अंदाजानं वर्ष धरायचे आणि पुढं लिहायचे, एक जून. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, वयाचा हिशेब सोपा जायचा. अशा एक जूनवाल्या हजारो मुलामुलींतून काही मुली सातवी, पुढं दहावी झाल्या, आणि त्यांतल्या काही नर्सिंगच्या शाळेत गेल्या. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या लेकरांच्या तारखा आणि वेळा मिनिटापर्यंत अचूक लिहिल्या.

हा लेख अशा एका बाईचा आहे आणि एकीचाच नाही. एकीचं नाव घेतलं तर शेजारच्या उपकेंद्रातल्या दुसरीवर अन्याय होईल, इतकी त्यांची आयुष्यं एकमेकींसारखी आहेत. म्हणून इथं ती 'ती'च राहील. पोखर्णी–गंगाखेडच्या पट्ट्यात वाढलेल्या कुणीही आपल्या गावच्या सिस्टरचं नाव या जागी घालून वाचावं.

नाव घालता आलं नाही, तर दंड बघावा. माझ्या डाव्या दंडावर बीसीजीचा वण आहे, आमच्या पिढीतल्या बहुतेकांच्या दंडावर आहे. आमच्या आधीच्यांच्या दंडावर देवीचे मोठे, गोल, खोलगट वण असत. आज्यांच्या चोळीच्या बाहीखाली ते दिसायचे आणि आम्ही बोट लावून विचारायचो, हे काय. 'देवी टोचली होती' एवढंच उत्तर मिळायचं. भारतातला देवीचा शेवटचा रोगी १९७५ सालचा. त्यानंतरच्या लेकरांच्या दंडावर ती गोल खूण राहिली नाही, बीसीजीची बारकी उरली. कुणाच्या तरी बोटांनी ते कातडं ताणून धरलं, सुई अगदी वरच्या वर आडवी सरकवली, मटकीच्या दाण्याएवढा फुगवटा आला की हात थांबवला. पिढीच्या पिढी तिनं अशी एकेका दंडानं हाताळली आणि त्यावर स्वतःची खूण सोडली. खाली सही मात्र नाही.

सही नसणं हे या पेशाचं जुनं दुखणं आहे. नर्सिंगच्या पाठ्यपुस्तकांत काशीबाई गणपत हे नाव येतं. १८९१ साली मुंबईत परिचारिकेचं रीतसर शिक्षण घ्यायला आलेली पहिली भारतीय बाई, अशी तिची ओळख दिलेली असते आणि लगेच पुढचा मुद्दा सुरू होतो. ती कुठली, घरचे काय म्हणाले, तिला लेकरंबाळं होती का, पहिल्या दिवशी परक्या पुरुषाची जखम धुताना तिचे हात कापले का, यातलं काहीच त्या ओळीत मावत नाही. परीक्षेत एक गुण मिळवून देणारी ओळ म्हणून हजारो मुलींनी ती पाठ केली आहे.

त्यानंतर सहा वर्षांनी पुण्यात प्लेगनं थैमान घातलं. सावित्रीबाई फुले तेव्हा पासष्टी ओलांडून गेल्या होत्या. त्यांचा दत्तक मुलगा डॉक्टर यशवंत यानं हडपसरजवळ ससाणे यांच्या माळावर रोग्यांसाठी दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या महारवाड्यातला पांडुरंग बाबाजी गायकवाड यांचा मुलगा प्लेगनं पडला आहे हे कळलं, तेव्हा सावित्रीबाईंनी त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात आणलं. मुलगा वाचला. सावित्रीबाई १० मार्च १८९७ रोजी गेल्या. आपण त्यांना शिक्षिका म्हणून ओळखतो आणि ते बरोबरच आहे. पण शेवटच्या दिवसांत त्या जे करत होत्या त्याला शुश्रूषा म्हणतात, आणि पाठीवरचं ते पोर ज्यांच्यापर्यंत कुणी जात नव्हतं अशा वस्तीतलं होतं, हे विसरून चालणार नाही. रमाबाई रानडे यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन उभं केलं आणि पुढं तिथल्या विधवा, परित्यक्ता बायका ससून रुग्णालयात परिचारिकेचं काम शिकू लागल्या, तेव्हाही घरोघर हाच विचार होता की भल्या घरची बाई परक्या माणसाच्या अंगाला हात कसा लावणार.

हे सगळं पुण्या-मुंबईकडचं. परभणी तेव्हा निजामाच्या राज्यात होती. १९४६ साली भोर समितीनं ब्रिटिश हिंदुस्थानच्या आरोग्याचा लेखाजोखा मांडला, तेव्हा तीस कोटी माणसांमागं साधारण सात हजार परिचारिका निघाल्या. त्या मोजणीत आमचा मुलूख नव्हताच. १७ सप्टेंबर १९४८ नंतर मराठवाडा भारतात आला, १९५६ साली मुंबई राज्यात गेला, १९६० साली महाराष्ट्र झाला, आणि १९६२च्या १ मे रोजी जिल्हा परिषदा सुरू झाल्या. प्राथमिक आरोग्य केंद्र, त्याखाली उपकेंद्र, आणि उपकेंद्रात एक बाई, ही साखळी त्यानंतर हळूहळू गावापर्यंत पोचली. पाच हजार वस्तीमागं एक उपकेंद्र, असा हिशेब. पाच हजार म्हणजे आमच्याकडं चार-पाच गावं, दोन तांडे आणि मधे एखादा ओढा.

पहिली नेमणूक मिळालेल्या मुलीचं वय वीस-एकवीस असायचं. बरोबर एक पत्र्याची पेटी, एक वळकटी, पांढऱ्या साड्या, आणि सोबत बाप किंवा भाऊ. मुक्कामी एसटीनं गावात उतरायचं. उपकेंद्राला स्वतःची इमारत नसेल तर गावातल्या कुणाच्या ओसरीवर किंवा पडक्या चावडीत दवाखाना मांडायचा. पहिला प्रश्न गावाकडून हमखास यायचा, आणि तो शिक्षणाबद्दल नसायचा. 'बाई, कोणाच्या तुम्ही?' म्हणजे जात कोणती. या नोकरीत दलित, नवबौद्ध, ख्रिस्ती घरांतल्या मुली मोठ्या संख्येनं आल्या. बाळंतपणाचा विटाळ मानणाऱ्या समाजानं हे काम पूर्वीपासूनच खालच्या मानलेल्या हातांवर टाकलेलं होतं. म्हणून दुपारी जिला पाणी वरून वाढलं जायचं, तिलाच रात्री दोन वाजता कंदील घेऊन बोलवायला माणूस यायचा. तेव्हा कुणी काही विचारत नसे. सकाळी बाळंतिणीला न्हाऊ घातलं, घर सारवलं, की पुन्हा सगळं आपापल्या जागी.

तिच्या पिशवीत काय असायचं हे बघण्यासारखं आहे. बाळाचे ठोके ऐकायची नळी, अगदी भोंग्यासारखी. एक तोंड पोटावर, दुसऱ्याला कान. रक्तदाबाचं यंत्र. नाळ कापायचं ब्लेड, बांधायचा दोरा. धनुर्वाताची इंजेक्शनं. रक्तवाढीच्या गोळ्या, ज्या बायका घरी नेऊन फळीवर ठेवत आणि खात नसत, कारण गोळ्यांनी पोर काळं होतं किंवा फार मोठं होऊन अडतं, असं सासू सांगायची. म्हणून कित्येक सिस्टर गोळी समोरच गिळायला लावत. आणि एक कालनिर्णय.

कालनिर्णय कशाला? कारण गरोदर बाईला शेवटची पाळी कधी आली असं विचारलं की ती तारीख सांगत नसे. ती सांगायची, पोळ्याला बाहेर बसले होते, त्यानंतर नाही. किंवा, नागपंचमीच्या आदल्या दिवशी. किंवा, धाकट्या दिराच्या लग्नाच्या हळदीला. मग सिस्टर कॅलेंडरची पानं मागं उलटायची, पोळा शोधायची, त्या तारखेत नऊ महिने सात दिवस मिळवायची आणि रजिस्टरात बाळंतपणाची अपेक्षित तारीख लिहायची. जानेवारी-फेब्रुवारी आणि पौष-माघ यांच्यामधला हा पूल तिनं एकटीनं बांधला. पोळ्याची पाळी म्हणजे ऐन मृगात बाळंतपण, हे तिला पुढं पुढं कॅलेंडर न बघताच कळू लागलं. आणि मृग म्हणजे काय हे काळ्या रानात राहणाऱ्याला विचारा. पहिल्या पावसातच गाडीवाट चिकट होते, चप्पल रुतून तिथंच राहते, बैल पाऊल उचलत नाही. पोळ्याच्या बाईला रस्ता सुकलेला असतानाच नातेवाइकांकडं, मोठ्या गावात नेऊन ठेवा, असं ती मे महिन्यातच घरच्यांना बजावायची. घरचे ऐकतीलच असं नाही.

मग ती रात्र यायची. दार लोटलेलं, आत धूर, खाटेखाली शेगडी, कोपऱ्यात म्हातारी दाई. नव्या सिस्टरनं पहिल्याच बाळंतपणाला दाईला बाजूला सारलं असतं तर गावानं तिला परत बोलावलंच नसतं. शहाण्या सिस्टरनं दाईला शेजारी बसवून घेतलं. तिच्या हाताची नखं कापली, साबणानं हात धुवायला लावले, आणि बाळ आडवं आहे की पायाळू हे दाईची बोटं काय सांगतात तेही ऐकलं. कळा घेणाऱ्या बाईला ती 'माय' म्हणायची, मग ती बाई सतरा वर्षांची का असेना. घे माय, आता सोड, आता जोर लाव. बाळ आलं की घर बाळाकडं वळतं. मुलगा की मुलगी, हा एकच प्रश्न. सिस्टर तेवढी आईकडं बघत राहते, कारण धोका अजून टळलेला नसतो. वार पडायची असते. वार अडकली, किंवा पडूनही गर्भाशय सैल राहिलं, तर अंगावरून इतकं जातं की तासा-दोन तासांत बाई हातची जाते. बाळंतपणातल्या मरणांचं मोठं कारण हेच राहिलं आहे. म्हणून ती पोटावर हात ठेवून गर्भाशय चोळत राहायची. ते हाताला चेंडूसारखं घट्ट लागेपर्यंत तिला बाळाचं वजन करायचीही घाई नसायची. इंजेक्शन उपकेंद्रात असलं तर ठीक. नसलं, आणि रक्त थांबेना, तर बाज उलटी करून, चार गड्यांच्या खांद्यावर बाई टाकून, ओढा ओलांडून डांबरी रस्त्यापर्यंत. तिथून जी गाडी सापडेल ती. सिस्टर बाजेबरोबर पळत, एक हात बाईच्या पोटावर.

सगळ्या बाया वाचल्या नाहीत. हे लिहिणं भाग आहे. गौरवाच्या लेखांत हजारो सुखरूप बाळंतपणांचा आकडा येतो आणि ज्या दोन-तीन हातात गेल्या त्यांची नावं येत नाहीत. तिला विचारा, सुखरूप बाळंतपणं तिला आठवत नाहीत. त्या दोघी-तिघी आठवतात, घर आठवतं, वार आठवतो.

बाळाचं पहिलं रडू ऐकलं की ती आधी मनगटाकडं बघायची. तिचं घड्याळ हा गावाच्या पत्रिकांचा आधार होता. 'सिस्टर, टाइम किती झाला हो?' ओसरीवरून सासऱ्याचा आवाज यायचा. तीन सतरा, असं ती सांगायची, आणि त्या तीन सतरावर पुढं कुंडली मांडली जायची, मंगळ निघायचा, लग्नं जुळायची, मोडायची. पाचव्या दिवशी सटवाई येऊन कपाळावर नशीब लिहिते अशी श्रद्धा. पाटा-वरवंटा मांडतात, कोरा कागद आणि पेन ठेवतात. सिस्टर त्याच्या चार दिवस आधीच लिहून मोकळी झालेली असायची : मातेचं नाव, कितवं बाळंतपण, वजन, वेळ, लिंग, जिवंत. पाचवीला तिलाही बोलावणं असे. ती जायची आणि आईनं बाळाला पहिला चीक पाजला का, एवढंच कानाशी विचारायची. पिवळसर चीक खराब म्हणून पिळून टाकायचा आणि बाळाला तीन दिवस गूळपाणी द्यायचं, ही रीत घराघरांतून मोडायला तिला वर्षं लागली. त्यासाठी भांडली असती तर हरली असती. ती फक्त पुन्हा पुन्हा जात राहिली.

हे काम तिला सुखानं करू दिलं असंही नाही. साठच्या दशकाच्या उत्तरार्धापासून कुटुंबनियोजनाचं लक्ष्य तिच्या मानगुटीवर बसलं. आणीबाणी संपली, जबरदस्तीची शिबिरं गेली, पण 'केस' आणायचं ओझं दोन दशकं राहिलं. महिनाअखेरीला बैठक. किती टाक्याच्या, किती दुर्बिणीच्या, तांबी किती. केस भरल्या नाहीत तर पगार अडायचा, चारचौघांत उभं करून बोलणी ऐकवली जायची. जिच्या हातानं पहिलं बाळ झालं तिच्याच दारात जाऊन 'आता ऑपरेशन करून घे' म्हणायचं, आणि नवरा, सासू यांचे डोळे सोसायचे. १९९६च्या एप्रिलमध्ये सरकारनं देशभर हे वरून लादलेलं लक्ष्य काढून टाकलं. गावांनी तिच्यावर पुन्हा पहिल्यासारखा विश्वास टाकायला मात्र नुसता सरकारी कागद पुरला नाही.

आणि या सगळ्यात ती स्वतः आई झाली. ती कधी झाली, कुठं झाली, तिच्या वेळेला पोटावर हात ठेवून कोण बसलं होतं, हे कुणी विचारत नाही. बाळंतपणाची रजा संपली की ती तान्ह्या लेकराला घेऊन पुन्हा मुख्यालयी हजर व्हायची. आई सोबतीला आली तर बरं, नाहीतर शेजारीण. लसीकरणाच्या दिवशी पहाटे केंद्रातून लसीचा डबा आणायचा असतो. आत चार बर्फाच्या पट्ट्या. लस दोन ते आठ अंश सेल्सिअसमध्ये राहिली पाहिजे. बीसीजीची कुपी एकदा फोडली की चार तासांत संपवायची, उरली तर टाकून द्यायची. मे महिन्यात परभणीचा पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसला टेकतो. अशा दुपारी तो निळा डबा मांडीवर घेऊन ती एसटीत बसायची, आणि तिचं स्वतःचं लेकरू घरी तापानं फणफणलेलं असायचं. १९९५च्या डिसेंबरात पल्स पोलिओ सुरू झाला. तो रविवारी असायचा. बूथवर सकाळपासून रांग, करंगळीला शाईची खूण, मग पुढचे दिवस सुटलेल्या लेकरांसाठी घरोघर, वीटभट्टीवर, ऊसतोड्यांच्या कोप्यांवर. सिस्टरांच्या मुलांनी आईचे रविवार असे गमावले. १३ जानेवारी २०११ ही भारतातल्या शेवटच्या पोलिओ रुग्णाची तारीख म्हणून नोंदली गेली, आणि मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला. त्या रविवारांचा हिशेब कुठं जाहीर झाला नाही.

मुलं मोठी होताना आईवर रुसली, हेही खरं. बदल्या होत राहिल्या. चौथीपर्यंत एक शाळा, पाचवी दुसऱ्या गावात. नवऱ्याची नोकरी किंवा शेती तिसरीकडं. दिवाळीच्या पहिल्या अंघोळीला दार वाजायचं आणि आई तेल लावलेल्या हातांनीच बाहेर पडायची. पुढं ती मुलं परभणी, संभाजीनगर, पुण्याला शिकली, बहुतेक जण याच पगारावर शिकले. घरातल्या पहिल्या पदवीधर पिढीमागं अशा किती सिस्टर उभ्या आहेत हे मोजायला हवं. मराठवाड्यातल्या स्थलांतराचे, शिक्षणाचे, आरक्षणाचे अभ्यास झाले. या पगाराचा अभ्यास झालेला माझ्या पाहण्यात नाही.

पोखर्णीच्या पुढं गंगाखेड लागतं, जनाबाईचं गाव. दुसऱ्याच्या घरी दळण-कांडण करता करता तिनं जे रचलं त्यात तिनं स्वतःचं नाव गुंफून ठेवलं, म्हणून सातशे वर्षांनीही ती आपल्याला भेटते. सिस्टरनं लिहिलं तेही थोडं नाही. पण ती लिहीत होती रजिस्टर, आणि रजिस्टरात लिहिणाऱ्याला जागा नसते.

एकदाच असं झालं की अशी बाई स्वतः बोलली आणि जगानं ऐकलं. बीडच्या सीमेला लागून असलेल्या जामखेडमध्ये १९७० साली डॉक्टर रजनीकांत आणि मेबल आरोळे या दांपत्यानं काम सुरू केलं. परिसरात त्या काळी जन्मलेल्या हजार बालकांपैकी १७६ वर्षाच्या आत दगावत. आरोळ्यांना कळून चुकलं की शिकलेली परिचारिकाही खेड्यात एकटी टिकत नाही आणि डॉक्टर तर येतच नाही. तेव्हा त्यांनी गावालाच आपल्यातली एक बाई निवडायला सांगितलं. निवडल्या गेलेल्यांत अनेक जणी निरक्षर, अनेक दलित, काही नवऱ्यानं टाकलेल्या. दर आठवड्याला जामखेडला यायचं, शिकायचं, गावात जाऊन करायचं. जवळक्याच्या सरूबाई साळवे यांच्यातल्याच. अक्षर न वाचणाऱ्या या बाईनं शेकडो बाळंतपणं केली आणि त्यांच्या कामाचं वर्णन २००८ साली 'नॅशनल जिऑग्रफिक'मध्ये छापून आलं. वीस-पंचवीस वर्षांत त्या परिसरातला बालमृत्यूचा आकडा तिशीच्या खाली आला. आरोळे दांपत्याला १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

जामखेडच्याच मुक्ताबाई पोळ १९८८ साली वॉशिंग्टनच्या एका आंतरराष्ट्रीय परिषदेत बोलायला उभ्या राहिल्या. छताला मोठी झुंबरं लटकत होती. त्यांनी ती दाखवली आणि म्हणाल्या की डॉक्टर असे असतात, देखणे, महागडे, आणि फार लांब. मग पिशवीतून साधे वातीचे दिवे काढले, एक पेटवला, त्यावरून दुसरा पेटवला. आपण आणि आपल्यासारख्या बाया हे दिवे आहोत, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. सभागृह उठून उभं राहिलं. मला त्या भाषणापेक्षाही पिशवी जास्त आठवते. एवढ्या लांब जाताना त्या बाईनं सामान भरताना दिवा आणि वात विचार करून ठेवली होती, बाळंतपणाला निघताना ब्लेड आणि दोरा ठेवावा तशी.

आता काळ पालटला आहे, आणि तो तिनंच पालटवला. २००५ साली जननी सुरक्षा योजना आली, आशाताई आल्या, २०११ मध्ये सरकारी दवाखान्यातलं बाळंतपण पूर्ण मोफत झालं (तीही तारीख एक जूनच), २०१४ पासून १०८ची गाडी धावू लागली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१च्या फेरीत महाराष्ट्रातली जवळजवळ ९५ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झालेली दिसतात. लाख जिवंत जन्मांमागं मातामृत्यूंचं राज्याचं प्रमाण २०१८–२० मध्ये ३३ होतं, तेव्हा देशाचं ९७. खाटेखालची शेगडी आणि ओढ्यातली बाज आता नव्या सिस्टरांना गोष्टीसारखी वाटते. त्यांच्या हातात टॅब असतो. माहिती भरायची, ती पोर्टलवर जायची, नेटवर्क नसलं तर छतावर जाऊन भरायची. आणि रजिस्टरंही सुटलेली नाहीत. एकाच उपकेंद्रात दोघी सारखंच काम करतात; एक कायम, दुसरी कंत्राटी, पगारात मोठा फरक आणि निवृत्तिवेतन एकीलाच. मार्च २०२३ मध्ये राज्यभर जुन्या पेन्शनसाठी संप झाला. ज्या बाईनं वर्षानुवर्षं कुणाच्या दारात 'वेळ झाली, उद्या या' म्हटलं नाही, तिला म्हातारपणाच्या भाकरीसाठी रस्त्यावर बसावं लागणं, याची मला लाज वाटते.

१६ जानेवारी २०२१ रोजी करोनाची लस सुरू झाली. गावात पुन्हा अफवा, पुन्हा बंद दारं. लस घेतली की माणूस मरतो. तेव्हा पुष्कळ गावांत लोकांनी मोबाइलवरचे व्हिडिओ बाजूला ठेवले आणि सिस्टरला विचारलं, 'बाई, तुम्ही घेतली का?' तिनं बाही वर करून दंड दाखवला. तोच दंड, ज्यावर लहानपणी कुणीतरी देवी टोचली होती.

मे महिन्याच्या शेवटच्या दिवशी महाराष्ट्रातल्या सरकारी कचेऱ्यांत एकदम खूप माणसं निवृत्त होतात. कारण तेच, एक जून. गुरुजींनी सोयीसाठी लिहिलेली तारीख अठ्ठावन्न वर्षांनी परत येते. ३१ मे रोजी आरोग्य केंद्रात शाल, श्रीफळ, एक साडी, दोन भाषणं. ज्या मुलींना तिनं हातावर घेतलं त्यांच्या मुली हार घेऊन येतात. ती चाव्या देते, साठा मोजून देते, रजिस्टरं क्रमानं लावून देते. जन्मनोंदणीचं शेवटचं पान ती एकदा उलटून बघते, आकडे जुळतात का. कुठल्याच पानावर तिचं स्वतःचं लेकरू नसतं. ते माहेरच्या गावच्या रजिस्टरात.

मग ती आजी होते. मुलीला कळा सुरू झालेल्या असतात, शहरातलं मोठं हॉस्पिटल असतं, काचेचं दार असतं. त्यावर लिहिलेलं असतं, नातेवाइकांनी बाहेर थांबावं. जावई फोनवर, व्याही बाकावर. चाळीस वर्षं जी दाराच्या आतच असायची ती उंबरठ्याबाहेर उभी राहते, आणि आतल्या तरण्या पोरीच्या आवाजाकडं कान लावते. ती पोरगी काय म्हणते तेही तिला ओळखू येतं. घे, आता सोड, आता जोर लाव. मधे एक शांतता पडते. बाकीच्यांना ती कळतही नाही. हिला कळते, हिचा उजवा हात आपोआप स्वतःच्याच पोटावर जाऊन दाबत राहतो. मग आतून रडू येतं. बाकावरचे सगळे उठतात, काय झालं, काय झालं विचारतात. ती कुणालाच उत्तर देत नाही. आधी मनगट वळवून घड्याळात बघते.